उरलेली ७१६ अंडी : जॉन गर्डन यांच्या कामाविषयी

पाणकणीस

७ ऑक्टोबर २०२५ ला जॉन गर्डन गेले. वय ब्याण्णव. तेव्हा आलेल्या बहुतेक बातम्या त्यांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाभोवती फिरत होत्या. १९४९ साली ईटनच्या शाळेत जीवशास्त्रात अडीचशे मुलांत शेवटचा नंबर. शिक्षकांचा शेरा असा की या मुलाला शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणे, पण ते हास्यास्पद आहे, त्याचाही वेळ फुकट आणि शिकवणाऱ्यांचाही. तो कागद गर्डननी फ्रेम करून पुढे कायम जवळ ठेवला. गोष्ट खरी आहे, चांगलीही आहे. पण मी गेली एकोणीस वर्षं बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी बघते की मुलांना प्रगतिपुस्तक पाठ असतं आणि त्या माणसानं केलं काय हे मात्र एका ओळीत उरकतं : बेडकाचं क्लोनिंग केलं. म्हणून हा धागा. लांबेल, सावकाश वाचा.

प्रश्न जुना होता. एका फलित अंड्यापासून अख्खा प्राणी घडतो. त्यात स्नायूची पेशी वेगळी, मेंदूची वेगळी, आतड्याची वेगळी. मग आतड्याच्या पेशीत डोळा घडवायची माहिती शिल्लक असते का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट वाइझमान यांनी मांडलं होतं की नसते, पेशी आपापल्या कामाला लागते तसा नको असलेला वाटा तिच्यातून गळत जातो. दुसरी शक्यता अशी की माहिती सगळीच्या सगळी असते, पण लागत नाही ती बासनात बांधून ठेवलेली असते. दोन्ही म्हणणी पटण्यासारखी. निवाडा करायचा तर वाढलेल्या पेशीचं केंद्रक, म्हणजे ही माहिती जिथे असते तो पेशीचा गाभा, काढायचं, ज्याचं स्वतःचं केंद्रक नाहीसं केलंय अशा अंड्यात घालायचं आणि काय घडतं ते बघायचं. हान्स श्पेमान यांनी १९३८ मध्ये हे सुचवलं तेव्हा ते कुणाच्या हातात बसणारं काम नव्हतं.

१९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी ते जमवलं. राना पिपियन्स हा अमेरिकी बेडूक. अगदी कोवळ्या भ्रूणातली, म्हणजे ब्लास्टुला अवस्थेतली केंद्रकं घेतली तर अंड्यांपासून टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, झाले. पण भ्रूण जितका मोठा घ्यावा तितकं यश आटत गेलं. यावरून त्यांना वाटलं की वाढीबरोबर केंद्रकाची क्षमताच आटते. म्हणजे कौल वाइझमानकडे झुकला.

गर्डन इथे येतात. शाळेत विज्ञान बंद झाल्यामुळे लॅटिन-ग्रीक शिकलेला मुलगा. ऑक्सफर्डनं प्रवेश दिला तोही, ज्या विषयाची परीक्षा दिली तो विषय घ्यायचा नाही या अटीवर. पदवीनंतर कीटकशास्त्रात संशोधन करायची इच्छा होती, तिथे नकार मिळाला. मग मिखाइल फिशबर्ग यांनी आपल्याकडे घेतलं आणि केंद्रक-रोपणाचा विषय हाती दिला.

बेडूक होता आफ्रिकेतला झेनोपस. १९३० च्या दशकात लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून पुढे आलं होतं की गरोदर बाईच्या लघवीचं इंजेक्शन दिलं की झेनोपसची मादी अंडी घालते. गर्भ आहे की नाही ते तपासायला हा बेडूक जगभरच्या दवाखान्यांत पोचला, आणि तिथून प्रयोगशाळांत. संशोधकाला त्याचे दोन मोठे फायदे. संप्रेरक टोचलं की वर्षभर केव्हाही अंडी मिळतात, आणि पिल्लू वर्षभराच्या आत स्वतः अंडी द्यायला तयार होतं. पण अंड्यावरचं आवरण इतकं चिवट की सुई आत जाईना. ब्रिग्ज आणि किंग सुईनंच अंड्यातलं केंद्रक काढत, ते इथे चालेना. गर्डननी अतिनील किरणांचा दिवा वापरला. त्या दिव्यानं अंड्याचं स्वतःचं केंद्रक निकामी झालं आणि त्याच वेळी ते चिवट आवरणही मऊ पडलं. एका दिव्यानं दोन्ही कामं केली. हे घडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला नेहमी वाटतं.

मग टॅडपोलच्या आतड्याच्या अस्तरातली पेशी घ्यायची. पेशीहून किंचित अरुंद काचनळीत ती ओढायची, म्हणजे तिचं आवरण फाटतं पण केंद्रकाभोवती थोडा पेशीद्रव राहतो. आणि मिलिमीटरभराहून जरासं मोठं असलेल्या त्या अंड्यात सोडायची. ७२६ वेळा. त्यातून अन्न खाणारे, धडधाकट टॅडपोल झाले १०. हे १९६२ मध्ये छापून आलं.

१० टॅडपोल. माझ्या मते सगळं कर्तृत्व या दहाकडे बघण्याच्या दृष्टीत आहे. टक्केवारी काढणारा म्हणेल, प्रयोग फसला. गर्डन म्हणाले की आतड्याच्या एका जरी केंद्रकापासून डोळे, हृदय, शेपूट असलेला अख्खा जीव झाला, तरी माहिती गळून जाते हे म्हणणं टिकत नाही. नाही म्हणायला हजार नकार पुरत नाहीत, हो म्हणायला एक होकार पुरतो.

पुढचं प्रतिसादांत लिहीन.

अबोली

पाणकणीसताई, मनापासून धन्यवाद. मी वाणिज्य शाखेची, तरी सगळं कळलं. एक शंका आहे. अंड्याचं स्वतःचं केंद्रक दिव्यानं मेलं असं धरून चाललो आहोत. एखाद्या अंड्यात ते मेलंच नसेल आणि टॅडपोल त्याच्यापासूनच झाला असेल तर?

पाणकणीस

अबोली, ही शंका त्या काळातही पहिली होती, आणि तिचं उत्तर मला या सगळ्या कामातलं सर्वांत देखणं वाटतं.

फिशबर्ग यांच्या प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा वेगळे झेनोपस सापडले होते. केंद्रकात एक गडद ठिपका असतो, त्याला केंद्रकी म्हणतात. साध्या झेनोपसच्या पेशीत असे दोन ठिपके दिसतात, या बेडकांच्या पेशीत एकच. मग गर्डननी केंद्रक घेतलं एक ठिपकावाल्याचं आणि अंडं घेतलं दोन ठिपकेवाल्याचं. जो टॅडपोल होईल त्याच्या शेपटीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. एक ठिपका दिसला तर केंद्रक रोपलेलं, दोन दिसले तर अंड्याचं. आपल्याकडे गायीगुरांच्या कानाला बिल्ला लावतात तसं, फक्त हा बिल्ला प्रत्येक पेशीत.

आणि त्या ठिपक्याची गोष्ट इथे संपत नाही. असे दोन बेडूक जुळवले तर काही पिल्लांत ठिपका मुळीच नसतो. ती पिल्लं थोडे दिवस वाढतात आणि मरतात. १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राऊन आणि गर्डन यांनी दाखवलं की ही पिल्लं रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए बनवूच शकत नाहीत. आईनं अंड्यात घातलेल्या रायबोसोमच्या शिदोरीवर जगतात आणि ती संपली की जातात. केंद्रकीचं काम काय, याचा तो थेट पुरावा ठरला. खूण म्हणून घेतलेली वस्तू, आणि तिच्यातून दुसरा शोध निघाला.

देवगडकर

वाचतोय. ताई, आमची हापूसची बाग आहे. मला प्रामाणिकपणे एक विचारायचं आहे. आम्ही कलमं बांधतो. एका चांगल्या झाडाची फांदी कोयीच्या रोपावर चढवायची, आणि आंबा आईचाच लागतो, तसाच्या तसा. गावातली सगळी कलमं मिळून खरं म्हणजे एकच झाड. मग फांदीत अख्खं झाड असतं हे शेतकऱ्याला ठाऊकच होतं, नाही का? शास्त्रज्ञ एवढे का अडले?

पाणकणीस

अगदी बरोबर मुद्दा. क्लोन हा शब्दच मुळात बागाईतल्या लोकांचा, फांदीपासून वाढवलेल्या झाडांसाठी. प्राण्यांसाठी तो रूढ केला जीवशास्त्रज्ञ जे.बी.एस. हाल्डेन यांनी, १९६३ मध्ये छापलेल्या भाषणात, आणि समोर उदाहरण होतं गर्डन यांच्या बेडकांचं. हाल्डेन तेव्हा भारताचे नागरिक झालेले होते, भुवनेश्वरला राहत होते.

पण कलमात फांदी असते, म्हणजे वाढणारा डोळा असतो. त्या डोळ्यातल्या पेशी कोवळ्याच राहिलेल्या. एका पिकलेल्या, आपलं काम ठरलेल्या पेशीपासून अख्खं झाड होतं का, हा प्रश्न तरी उरतोच. १९५८ मध्ये कॉर्नेलला फ्रेडरिक स्टुअर्ड यांनी गाजराच्या मुळातल्या पेशींपासून गाजराची रोपं वाढवून दाखवली. म्हणजे वनस्पतीत जमतं हे गर्डनच्या आधी चार वर्षं ठाऊक होतं. प्राण्यांचं तसं नाही. तुमचं बोट तुटलं तर बोटापासून माणूस होत नाही. तिथे केंद्रक काढून अंड्यात घालण्याशिवाय विचारण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

नचिकेत

धागा उत्तम. मी बंगळुरात माशांच्या भ्रूणावर काम करतो, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

पहिलं, टॅडपोलच्या आतड्यातून त्या वयात जननपेशी, म्हणजे पुढे ज्यांची अंडी किंवा शुक्राणू होतात त्या पेशी, सरकत जात असतात. ७२६ पेशींत दहा-वीस अशा पेशी चुकून आल्या असल्या तर? त्या तशाही सगळं घडवू शकतात. हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता.

दुसरं, प्रौढ बेडकाच्या पेशीचं केंद्रक घेऊन प्रौढ बेडूक कुणीच केला नाही. गर्डननीही नाही. पूर्ण वाढलेल्या प्राण्यापासून पूर्ण वाढलेला प्राणी व्हायला १९९६ ची डॉली मेंढी यावी लागली. मग १९६२ लाच प्रश्न सुटला असं म्हणणं हा नंतर सोयीनं रचलेला इतिहास नाही का? ब्रिग्ज आणि किंग यांच्यावर तो अन्याय आहे. त्यांचं तंत्र नसतं तर गर्डनही नसते.

पाणकणीस

नचिकेत, राग कसला. शेवटचं वाक्य आधी मान्य करते. ब्रिग्ज आणि किंग यांनी जे बघितलं ते चूक नव्हतं. यश घटतं हे गर्डन यांच्याही हाती लागलं. फरक पडला तो अर्थात.

जननपेशींबद्दल : आतड्याच्या अस्तरातल्या पेशीला ब्रशसारखी कड असते, ती बघून पेशी निवडल्या होत्या. तरीही शंका राहिली, म्हणून काम थांबलं नाही. १९६६ मध्ये गर्डन आणि उलिंगर यांनी आतड्याच्या केंद्रकांपासून झालेले प्रौढ, स्वतः पिल्लं देणारे बेडूक दाखवले. १९७५ मध्ये गर्डन, लास्की आणि रीव्ह्ज यांनी प्रौढ बेडकाच्या पायाच्या त्वचेच्या पेशी घेतल्या. या पेशींनी केराटिन, म्हणजे त्वचेतलं प्रथिन, बनवायला सुरुवात केलेली होती, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या कामाबद्दल वाद नाही, आणि जननपेशींचा तर संबंधच नाही. त्यांच्यापासून हृदय, स्नायू, डोळे असलेले टॅडपोल झाले. पण ते पुढे जगले नाहीत. म्हणजे तुमचा दुसरा मुद्दा खराच आहे : प्रौढाच्या पेशीपासून प्रौढ बेडूक मिळाला नाही.

तेव्हा असं म्हणते. माहिती गळत नाही हे बेडकानं दाखवलं. ती सगळीच्या सगळी पुन्हा उघडता येते, प्रौढाच्या पेशीतूनसुद्धा, हे डॉलीनं दाखवलं. मधली चौतीस वर्षं बरेच जण म्हणत होते की बेडकात होतं ते सस्तन प्राण्यात होणार नाही.

नचिकेत

हे मान्य. ब्रशसारख्या कडेचा मुद्दा मी विसरलो होतो.

जुना_पुणेकर

तुम्हा मुलांचं वाचून बरं वाटलं. मी पुणे विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकलो, पन्नास वर्षं होत आली. एक गोष्ट सांगतो, ती इथे कुणी लिहिलेली नाही.

गर्डन यांचा १९६२ चा तो निबंध ज्या नियतकालिकात आला, त्याचं नाव जर्नल ऑफ एम्ब्रियॉलॉजी अँड एक्सपेरिमेंटल मॉर्फॉलॉजी. त्याच नियतकालिकाच्या १९५८ च्या खंडात डॉ. लीला मुल्हेरकर यांचा निबंध आहे, कोंबडीच्या भ्रूणात सुरुवातीला उमटणाऱ्या मधल्या रेघेच्या, म्हणजे आद्यरेषेच्या, दोन्ही बाजूंच्या भागात शेजारच्या पेशींना नवं वळण लावायची ताकद असते का, याबद्दल. त्या एडिंबराला जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आल्या होत्या आणि पुण्यात त्यांनी भ्रूणविकासाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. आज पुण्यात या विषयात जे काम होतं त्याच्या मुळाशी त्या आहेत.

आमच्याकडे बेडकाची चैन नव्हती, कोंबडीची अंडी होती. फलित अंडं उबवायचं, दीड दिवसानं फोडायचं, आणि भ्रूण अलगद सोडवून काचेच्या कड्यात ताणून बसवायचा. त्यात रक्ताच्या आधी हृदय हलायला लागतं. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवायला गेलो नाही. अजून डोळ्यांसमोर आहे.

अबोली

काका, हे फार सुंदर. मुल्हेरकर बाईंवर वेगळा धागा काढा ना, वाचायला आवडेल.

पाणकणीस

काका, तो निबंध आणि गर्डन यांचा निबंध एकाच नियतकालिकात आहेत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. १९८७ पासून ते डेव्हलपमेंट या नावानं निघतं. पुढच्या वर्गात मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवणार.

वॉडिंग्टन यांचं नाव निघालंच आहे तर : त्यांनी १९५७ मध्ये एक चित्र काढलं होतं. डोंगरउतार, त्यावर फुटत गेलेल्या घळी, आणि वरून घरंगळत येणारा गोळा. गोळा म्हणजे पेशी. एकदा एका घळीत उतरली की दुसरीत जाता येत नाही. घाटमाथ्यावरचं पाणी आठवा, थोडं इकडे पडलं तर कोकणात आणि थोडं तिकडे पडलं तर कृष्णेत. गर्डननी दाखवलं की अंड्यात असं काहीतरी आहे की ते खाली पोचलेलं पाणी पुन्हा माथ्यावर नेऊन ठेवतं.

आरती_ल

उशिरा आले धाग्यावर. मला वेगळ्या अंगानं लिहायचं आहे, कारण माझ्यापर्यंत गर्डन क्लोनिंगमधून पोचलेच नाहीत.

मी पेशीच्या आवरणातल्या आयन-वाहिन्यांवर पीएच.डी. केली. चार वर्षं रोज सकाळी झेनोपसच्या अंडपेशी समोर. वाटीत मोहरीच्या दाण्यांसारख्या, अर्धी बाजू काळपट, अर्धी पिवळसर. सुईनं आरएनए टोचायचा, दोन-तीन दिवस थांबायचं, आणि मग विद्युतप्रवाह मोजायचा. ज्या प्रथिनाचा अभ्यास करायचा त्याचा आरएनए द्या, अंडपेशी ते प्रथिन बनवून आपल्या आवरणात बसवून देते. जगभरच्या शेकडो प्रयोगशाळांत हे चालतं आणि कुणाचं म्हणून कुणी विचारत नाही, पाटा-वरवंटा कुणी शोधला हे कोण विचारतं तसं.

त्याची सुरुवात १९७१ ची. गर्डन, लेन, वुडलंड आणि मारबे यांनी सशाच्या रक्तपेशींतला हिमोग्लोबिनचा संदेशवाहक आरएनए बेडकाच्या अंडपेशीत टोचला, आणि बेडकाच्या अंडपेशीनं सशाचं ग्लोबिन बनवलं. हा संदेश जिवंत पेशीत बाहेरून घातला तर वाचला जाईल, असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. वाटायचं, पेशी तो चिरून टाकेल. तसं झालं नाही. अंडपेशी तो कित्येक दिवस वाचत राहिली. सशाच्या संदेशाला बेडकाची यंत्रणा चालते, प्रत्येक प्राण्याला स्वतःची वेगळी लागत नाही, हेही कळलं.

एक उदाहरण देते, ते मला कधी विसरता येत नाही. पेशीत पाणी शिरायला स्वतंत्र दार असतं का, यावर जुना वाद होता. पीटर एग्री यांच्याकडे रक्तपेशींतलं एक प्रथिन होतं, काम ठाऊक नाही. १९९२ मध्ये त्याचा आरएनए झेनोपसच्या अंडपेशीत टोचला आणि अंडपेशी पातळ क्षारद्रवात टाकल्या. साध्या अंडपेशी होत्या तशाच राहिल्या. आरएनए दिलेल्या अंडपेशी फुगल्या आणि काही मिनिटांत फुटल्या. पाण्याचं दार सापडलं, ॲक्वापोरिन. एग्रींना २००३ चं नोबेल मिळालं. त्या फुटलेल्या अंडपेशींत १९७१ चं काम आहे.

एका माणसाचं काम किती लांब जातं हे बघायचं तर त्याच्या नावाचे उल्लेख मोजून कळत नाही. जे काम हाताच्या सवयीत मुरतं त्याचा उल्लेख करायचं लोक विसरतात.

पाणकणीस

आरती, हे मी लिहू शकले नसते. मला पुस्तकातून ठाऊक आहे, तुम्हाला बोटांतून.

सौमित्र

आरतींच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत, आणि तो मला लागला. मी दोन वर्षं नोकरी शोधतो आहे. ज्या ज्या ठिकाणी मुलाखत दिली तिथे पहिला प्रश्न निबंध किती आणि कुठल्या श्रेणीच्या नियतकालिकात. एका ठिकाणी प्रबंधाचा विषय विचारायच्या आधी तक्ता भरून घेतला. गर्डननी तो १९६२ चा निबंध आज घेऊन गेले असते तर त्या तक्त्यात त्याला किती गुण पडले असते याचा मी विचार करत बसलो. पहिल्या ओळीत लिहावं लागलं असतं : यश शेकडा दीडच्याही आत.

या क्षेत्रातल्या कुणी सांगावं, त्यांच्या हाताखाली कोण तयार झालं? मला ते खरं माप वाटतं.

नचिकेत

सौमित्र, धीर धर. तुझी चीड रास्त आहे.

यादी मोठी आहे, मला ठाऊक असलेली चार नावं. रॉन लास्की त्यांचे विद्यार्थी. त्यांनी १९७८ मध्ये झेनोपसच्या अंड्यातलं एक प्रथिन शोधलं, ते दुसऱ्या प्रथिनांना नीट जुळायला मदत करतं पण स्वतः त्यांच्यात अडकत नाही. त्याला त्यांनी रेणूंचा सांभाळ करणारी पाठराखीण अशा अर्थाचा शब्द दिला, मॉलिक्युलर शॅपरोन. आज तो पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. १९८९ मध्ये गर्डन आणि लास्की यांनी मिळून केंब्रिजमध्ये संस्था काढली, तिलाच २००४ पासून गर्डन इन्स्टिट्यूट म्हणतात.

डग मेल्टन यांनी त्यांच्याकडे पीएच.डी. केली. पुढे स्वतःच्या मुलांना टाइप १ मधुमेह निघाला, तेव्हा बेडूक सोडून मूलपेशींपासून (स्टेम सेल, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात) इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी घडवायच्या मागे लागले. एडी डी रॉबर्टिस पीएच.डी.नंतर त्यांच्याकडे संशोधनाला होते, शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या जनुकांवर त्यांचं मोठं काम आहे. आणि ॲलन कोलमन, हेही गर्डन यांचेच विद्यार्थी, डॉलीच्या कामात सहभागी असलेल्या कंपनीत संशोधनप्रमुख होते. म्हणजे बेडकापासून मेंढीपर्यंतची वाट एका अर्थी घरातल्या घरात गेली.

आणखी एक. इतकं मोठं झाल्यावर लोक समित्यांत बसतात. गर्डन मॉडलिन कॉलेजचे प्रमुख असतानाही स्वतः सुई धरून प्रयोग करत राहिले, आणि म्हातारपणीही.

कुतूहल

मध्येच विचारते, माफ करा. विषय मूलपेशींकडे आला म्हणून. माझ्या भाच्याला जन्मापासून मेंदूचा त्रास आहे. एका खासगी केंद्रानं स्टेम सेलनं बरा होईल म्हणून सांगितलं आहे, लाखांत पैसे आहेत. जाहिरातीत नोबेलचा उल्लेख आहे. हे तेच संशोधन का?

पाणकणीस

कुतूहल, माफी कसली. नीट वाचा आणि घरी दाखवा.

ते नोबेल २०१२ चं, गर्डन आणि शिन्या यामानाका यांना मिळून दिलेलं. यामानाका क्योटोचे, जन्म १९६२ चा, म्हणजे ज्या वर्षी तो निबंध आला त्याच वर्षीचा. गर्डननी दाखवलं की अंड्यात घातलं तर केंद्रक मागे फिरतं. यामानाकांनी विचारलं, अंड्यातलं नेमकं काय फिरवतं? २४ जनुकं निवडली, एकेक वगळत ४ वर आले. २००६ मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशीत ही चार घातली आणि ती पेशी भ्रूणाच्या मूलपेशीसारखी झाली. पुढच्या वर्षी माणसाची. २०१४ मध्ये जपानात कोबेला अशा पेशींपासून केलेला पडदा एका वृद्ध बाईंच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवला, तोही चाचणी म्हणून.

खासगी केंद्रात जे देतात ते बहुतेक वेळा रुग्णाच्याच हाडाच्या मगजातल्या पेशी असतात. त्याचा या नोबेलशी संबंध नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीत करायचा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्यांना एवढंच विचारा की ही चाचणी नोंदवलेली आहे का, क्रमांक द्या. पैसे मागत असतील तर तिथेच थांबा. मेंदूविकार असलेल्या मुलांसाठी फिजिओथेरपी आणि नियमित तज्ज्ञाची देखरेख यांत पैसे घालणं केव्हाही चांगलं.

कुतूहल

ताई, बहिणीला आत्ताच वाचून दाखवलं. क्रमांक विचारणार आहोत. खूप आभार.

नचिकेत

पाणकणीस, शीर्षकात ७१६ अंडी आहेत, त्यांचं तुम्ही अजून काही लिहिलं नाहीत.

पाणकणीस

त्यांच्यासाठीच धागा काढला, आणि तेच राहून गेलं.

गर्डननी निम्मं आयुष्य दहा टॅडपोल खरे आहेत हे दाखवण्यात घालवलं आणि उरलेलं निम्मं, बाकीची ७१६ का फसली हे शोधण्यात. दुसऱ्या कामाची बातमी होत नाही.

पहिलं कारण लवकर सापडलं. झेनोपसचं अंडं दीड तासात पहिल्यांदा दुभंगतं. आतड्याची पेशी संथ, तिला एवढ्या घाईत सगळा डीएनए दुप्पट करायची सवय नाही. अर्धवट नक्कल झालेली गुणसूत्रं ओढाताणीत तुटतात. म्हणून ते फसलेल्या भ्रूणाच्या चांगल्या भागातून केंद्रक घेऊन पुन्हा नव्या अंड्यात घालत. दुसऱ्या फेरीत जास्त भ्रूण टिकत. म्हणजे दोष माहितीत नव्हता, घाईत होता.

पण सगळी तशी नव्हती. २००८ मध्ये रे किट एनजी आणि गर्डन यांनी स्नायूच्या केंद्रकांपासून भ्रूण केले आणि त्यांच्या मज्जासंस्थेत, आतड्यात बघितलं. तिथे, जिथे काही काम नाही तिथे, स्नायूचं जनुक चालू होतं. झेनोपसच्या भ्रूणात पहिली सुमारे बारा विभाजनं कुठलंच जनुक वाचलं जात नाही, सगळं आईच्या शिदोरीवर चालतं. दोनदा रोपण केल्यावर चोवीस विभाजनं झाली, तरी केंद्रक आपण स्नायूचे होतो हे विसरलं नाही. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांतल्या एका प्रकारात, एच३.३ मध्ये, ही आठवण होती.

बासन सोडलं तरी घड्या राहतात. पेशीला आपली ओळख अशी घट्ट धरून ठेवावी लागते, नाहीतर आपल्या यकृतात उद्या केस उगवतील. अंडं जे सहज पुसतं ते पुसतं, बाकीच्याला केंद्रक विरोध करतं. ७१६ अंडी या विरोधाची नोंद आहेत. मला हे १० टॅडपोलांइतकंच मोठं वाटतं, आणि ते करणारा माणूस तेव्हा पंचाहत्तरीचा होता.

देवगडकर

ताई, हे वाचून मी उठून बागेत गेलो.

तुम्ही केंद्रक विसरत नाही म्हणालात. कोय रुजवून झाड केलं तर फळ धरायला आठ-दहा वर्षं घेतं. त्याच वयाच्या कोयीच्या रोपावर जुन्या झाडाची काडी चढवली तर चार-पाच वर्षांतच मोहोर येतो. मूळ बाळाचं, पण काडी म्हातारीची. आमचे आजोबा म्हणायचे, काडीला आईचं वय ठाऊक असतं. हे तसंच का?

पाणकणीस

तसंच. वनस्पतिशास्त्रात याला प्रौढावस्था टिकून राहणं म्हणतात. काडीतल्या पेशी फुलायच्या वयाला पोचलेल्या असतात आणि नव्या मुळावर बसवल्या तरी त्या मागे जात नाहीत. कोयीत मात्र फलन होतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तुमच्या आजोबांचं वाक्य मी वर्गात वापरू का? त्यांचं नाव सांगून.

देवगडकर

वापरा की. नाव खाजगी संदेशात पाठवतो.